स्विस नाणं स्पेसिमेन आहे की चलनी? नवख्या संग्राहकासाठी पायरीपायरीने ओळख

स्विस फ्रँक जमवायला सुरुवात केली की लवकरच एक कोडं समोर येतं. पाच फ्रँकचं चांदीचं नाणं, साल तेच, टाकसाळ तीच. एका यादीत त्याची किंमत चांदीच्या भावापेक्षा जेमतेम वर असते. दुसऱ्या यादीत 'स्पेसिमेन' हा एकच शब्द जोडलेला असतो आणि किंमत कित्येक पट होते. फोटोत दोन्ही नाणी सारखीच चकचकीत दिसतात. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावा, निदान विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. स्पेसिमेन म्हणजे नाणं कसं पाडलं त्याचं वर्णन. ते किती जपलं गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही. चलनासाठी पाडलेलं नाणं कितीही निर्दोष राहिलं तरी ते चलनीच असतं. उलट खास पाडलेलं नाणं कुणी चुकून खर्च केलं आणि ते खिशात घासलं, तरी ते स्पेसिमेनच राहतं, फक्त खराब झालेलं. नवख्यांचा सगळा गोंधळ या दोन गोष्टी एक मानल्याने होतो, आणि विक्रेत्यांच्या वर्णनांतही हीच सरमिसळ सर्रास दिसते.

पाडण्यात फरक तो काय? चलनी नाण्यासाठी धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, तापवून मऊ करतात, धुतात आणि त्यांच्या कडा थोड्या उचलून घेतात. मग यंत्र भराभर एकेक ठोका देतं. नाणं खालच्या पेटीत इतर नाण्यांवर पडतं, मोजलं जातं, पिशवीत भरलं जातं. स्पेसिमेनसाठी डाय, म्हणजे ठसा उमटवणारा पोलादी साचा, नवी किंवा खास घासून गुळगुळीत केलेली असते, चकती निवडून घेतलेली आणि कधी चकचकीत केलेली असते. ठोका सावकाश व जोरात दिला जातो, कधी एकाहून जास्त, आणि नाणं हाताने उचलून बाजूला ठेवलं जातं. मुंबई टाकसाळीचे प्रूफ (आरशी, खास पाडलेले) आणि यूएनसी (न वापरलेल्या साध्या नाण्यांचे) संच ज्यांनी शेजारी ठेवून पाहिले आहेत, त्यांना यातला बराच भाग ओळखीचा वाटेल. पण जुनं स्विस स्पेसिमेन आजच्या प्रूफसारखं ठसठशीत काळं-पांढरं दिसत नाही. ते प्रूफ आणि चलनी यांच्या मधलं असतं. म्हणूनच ते ओळखणं कठीण जातं.

जवळ काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, व्यास मोजायला कॅलिपर, छोटं चुंबक आणि एकच बल्ब असलेला टेबललॅम्प. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीच्या पसरट उजेडात नाण्याची झळाळी कळत नाही. उजेड एकाच ठिकाणाहून यायला हवा.

याहून महत्त्वाची म्हणजे तुलनेची नाणी, आणि नवख्याने पहिला खर्च इथेच करावा असं माझं ठाम मत आहे. महागडं स्पेसिमेन घेण्याआधी दोन स्वस्त नाणी घ्या: १९६० च्या दशकातलं न वापरलेलं चांदीचं एक किंवा पाच फ्रँक, आणि १९७४ नंतरचं एखादं प्रूफ स्मारक नाणं. पहिल्यातून उत्तम चलनी नाणं कसं दिसतं ते कळेल, दुसऱ्यातून खास पाडलेलं. ही दोन नाणी रोज दिव्याखाली फिरवून पाहा. डोळा तयार होतो तो असाच. वर्णनं वाचून तो तयार होत नाही, या लेखानेही होणार नाही.

पायरी १: साल, धातू आणि टाकसाळ ठरवा

नाणं कोणत्या काळातलं आहे यावर पुढचे सगळे प्रश्न अवलंबून असतात.

स्विस संघराज्याचा नाणे कायदा १८५० चा. सुरुवातीची नाणी देशाबाहेर पाडून घेतली गेली: चांदीची पॅरिसला, त्यांवर 'ए' ही खूण, पाच, दहा आणि वीस रापेनची (शंभर रापेन म्हणजे एक फ्रँक) स्ट्रासबुर्गला, त्यांवर 'बीबी'. नंतर काम बर्नच्या टाकसाळीकडे आलं आणि खूण 'बी' झाली. १८७३-७४ च्या पाच फ्रँकवर 'बी'नंतर टिंब दिसलं तर ते नाणं ब्रुसेल्सचं.

आता एक सापळा. १९७० ते १९८५ या काळातल्या नाण्यांवर 'बी' नाहीच. १९८६ पासून ती खूण परत आली. १९६८ ची 'बी' नसलेली नाणी लंडनच्या रॉयल मिंटमध्ये पाडलेली आहेत. म्हणून 'टाकसाळीची खूण नाही, म्हणजे खास नाणं' असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. खूण नसलेली ही नाणी लाखोंनी पाडली गेली आणि स्वित्झर्लंडमध्ये रोजच्या वापरात फिरली.

धातूचंही तसंच. अर्धा, एक आणि दोन फ्रँक १९६७ पर्यंत ८३५ कसाच्या चांदीत होते आणि १९६८ पासून तांबे-निकेलमध्ये आले. पाच फ्रँकही १९६८ ला तांबे-निकेलचं झालं, पण १९६९ चं पुन्हा चांदीत पाडलं गेलं आणि मग चांदी कायमची गेली. वीस रापेन १८८१ ते १९३८ शुद्ध निकेलचं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४६ पर्यंत, एक आणि दोन रापेन जस्तात पाडले गेले.

धातू एवढा महत्त्वाचा का? कारण प्रत्येक धातू ठोक्याला वेगळा वागतो. चांदी आणि सोनं मऊ असल्याने साध्या ठोक्यातही ठसा बराच भरतो. निकेल कडक, त्यात डाय लवकर झिजते आणि चलनी नाण्यातले बारकावे सहसा बोथट राहतात. त्यामुळे निकेलच्या वीस रापेनवर लिबर्टासच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, केसांची बट न् बट सुटी दिसली तर ती बातमी आहे. चांदीच्या एक फ्रँकवर तेवढंच दिसलं तर ती फारशी मोठी बातमी नाही. जस्ताचा पृष्ठभाग काळवंडतो, पांढुरका होतो. तिथे पृष्ठभागावरून काही ठरवण्याचा हट्ट न धरलेलाच बरा.

पायरी २: नाणं खरं आहे ना?

इथे फार वेळ जात नाही, पण ही पायरी गाळू नका. १९३१ पासूनचं चांदीचं पाच फ्रँक १५ ग्रॅम आणि साधारण ३१ मिलिमीटर. १९२२ ते १९२८ चं मोठं पाच फ्रँक २५ ग्रॅम आणि ३७ मिलिमीटर, ९०० कसाचं. चांदीचे दोन, एक आणि अर्धा फ्रँक अनुक्रमे १०, ५ आणि २.५ ग्रॅमचे. तांबे-निकेलमध्ये तेच ८.८, ४.४ आणि २.२ ग्रॅम, व्यास मात्र बदलले नाहीत. चांदी, तांबे-निकेल चुंबकाला चिकटत नाहीत. शुद्ध निकेल चिकटतं.

१९२८ चं पाच फ्रँक सुमारे २४,००० च पाडलं गेलं. ते समोर आलं तर स्पेसिमेनचा विचार नंतर करा. आधी सालाचा शेवटचा आकडा भिंगाखाली नीट बघा, कारण अशा सालांत आकडा कोरून बदलण्याचा मोह मोठा असतो.

पायरी ३: दिव्याखाली झळाळी फिरवा

खरी ओळख इथून सुरू होते. नाणं काठाने धरा, दिव्याखाली तिरकं करा आणि सावकाश गोल फिरवा.

चलनी नाण्यावर प्रकाशाचे दोन-तीन पट्टे मधून कडेपर्यंत पसरलेले दिसतात आणि नाणं फिरवलं की तेही चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ठोका बसताना धातू मधून बाहेरच्या बाजूला वाहतो. हजारो ठोक्यांनंतर त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा डायवर उमटतात आणि तिथून प्रत्येक नाण्यावर येतात. आऱ्यांची ही झळाळी त्या रेषांची. ती जिवंत आणि भरभक्कम असेल तर नाणं अस्सल आणि न घासलेलं आहे ही आनंदाची गोष्ट. पण त्याच वेळी तो चलनी असल्याचा मोठा पुरावाही आहे.

आरशी धाटणीच्या स्पेसिमेनवर असे आरे दिसत नाहीत, किंवा अगदी पुसट दिसतात. मोकळी सपाट जागा, जिला संग्राहक फील्ड म्हणतात, ती प्रकाश परत फेकते: एका कोनात लख्ख पांढरी, थोडं हलवलं की एकदम काळी. इथे एक सोपी चाचणी करा. छापील मजकुराचा कागद नाण्याजवळ उभा धरा आणि फील्डमध्ये अक्षरांचं प्रतिबिंब पाहा. कागद नाण्याला टेकला असतानाच अक्षरं ओळखू येतात आणि थोडा लांब नेला की विरतात, तर ती चमक अर्धवट. चार बोटं लांब नेऊनही अक्षरं वाचता आली, तर चमक खोल आहे. जुन्या स्विस स्पेसिमेनवर चमक बहुधा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

दोन्ही बाजू तपासायला विसरू नका. एका बाजूला आरसा आणि दुसऱ्या बाजूला भरघोस आरे, असं नाणं दिसलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की टाकसाळीत एकच डाय नव्याने घासून बसवली होती. हे रोजच्या कामात घडतं. खास पाडलेल्या नाण्यात काळजी दोन्ही बाजूंची घेतलेली असते.

काही नाण्यांचा पृष्ठभाग आरशी नसून रेशमी किंवा मॅट असतो. १९३६ पासूनच्या पाच फ्रँकच्या स्मारक नाण्यांत, म्हणजे १९३६ चं संरक्षण कर्जाचं, १९३९ ची लाउपेनच्या लढाईची आणि झुरिक प्रदर्शनाची, १९४१ चं, १९४४ चं सांक्ट याकोबच्या लढाईचं, १९४८ चं संविधान शताब्दीचं, अशा नाण्यांत शिल्पकाराने डायलाच पोत दिलेला असू शकतो. तो पोत मग साध्या प्रतींवरही येतो. त्यामुळे 'मॅट आहे म्हणून स्पेसिमेन' असं म्हणता येत नाही. त्याच स्मारकाचं साधं नाणं शेजारी ठेवा आणि पोत अधिक बारीक, अधिक एकसारखा आहे का ते बघा. ही नाणी साध्या प्रतीत मुबलक मिळतात, तेव्हा तुलनेसाठी एक घ्यायला हरकत नाही.

पायरी ४: रेषा उचललेल्या की खोल?

संपूर्ण तपासणीत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही पायरी, आणि नवखे बहुधा हीच सोडतात.

भिंगातून फील्ड बघा. केसासारख्या बारीक रेषा दिसतील. त्या रेषा उठावाच्या आहेत की खाचेच्या, हा पहिला प्रश्न. डाय घासताना तिच्यावर ओरखडे पडतात; डायवरची खाच नाण्यावर उंचवटा होऊन येते. म्हणजे उंच रेषा टाकसाळीतून आलेली. नाण्यावरची खाच मात्र नंतरची: कुणी तरी फडक्याने पुसलं, बोटाने घासलं, कागदी पाकिटात सरकवलं.

उंच आणि खोल यांत फरक कळत नसेल तर रेषेचा मार्ग बघा. डाय घासणारा दगड डायच्या सपाट भागावरच फिरतो. अक्षरं आणि चित्र डायमध्ये खोल असल्याने तिथे तो पोचत नाही. त्यामुळे डायची रेषा अक्षराच्या पायथ्याशी थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते, जणू ती अक्षराच्या खालून गेली. फडक्याचा ओरखडा असा भेद करत नाही. तो फील्डवरून अक्षरावर चढतो आणि पलीकडे उतरतो. पाच फ्रँकवरच्या मेंढपाळाच्या गालावरून, किंवा छोट्या फ्रँकवरच्या हेल्वेटियाच्या (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) ढालीवरून, आणि मग फील्डवरून एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेषा दिसल्या तर नाणं पुसलेलं आहे, मग ते कितीही चमको.

उंच रेषा भरपूर, बारीक, आणि दोन्ही बाजूंना असतील, आणि सोबत तिसऱ्या पायरीतली आरशी चमक असेल, तर डाय मुद्दाम घासली होती एवढं सिद्ध होतं. पण चलनी कामातही, दोन डाया एकमेकींवर आपटल्या किंवा गंजल्या की त्या घासून परत बसवतात. तेव्हा हा पुरावा हवाच, पण तो एकटा पुरत नाही.

पायरी ५: ठसा आणि कड

जास्त जोराचा ठोका म्हणजे धातू डायच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. हे दोन ठिकाणी दिसतं: चित्राच्या सर्वांत उंच जागी आणि नाण्याच्या कडेला.

पाच फ्रँकवर पाउल बुर्कहार्ट यांनी घडवलेला आल्प्सचा मेंढपाळ आहे. लोक त्याला हौसेने विल्हेल्म टेल म्हणतात. त्याच्या कपाळावरचे केस, गालाचं हाड आणि टोपडीच्या कापडाच्या चुण्या बघा. चलनी नाण्यात केस एकमेकांत मिसळलेले आणि चुण्यांचे माथे थोडे सपाट दिसतात. खास ठशात केस सुटे दिसतात आणि चुणीचा माथा धारदार असतो. मागच्या बाजूला ढालीतल्या क्रुसाचे आतले कोपरे काटकोनात आले आहेत का ते पाहा.

अर्धा, एक आणि दोन फ्रँकवर हेल्वेटिया उभी आहे, भोवती ताऱ्यांची माळ. १९८२ पर्यंत तारे बावीस. जुरा कँटन वेगळं झाल्यावर १९८३ पासून तेवीस. इथे हेल्वेटियाचा चेहरा, छाती, गुडघा आणि भाला धरलेली बोटं बघायची. अर्धा फ्रँक अवघा १८.२ मिलिमीटरचा असल्याने त्यावर चेहरा चलनी प्रतीत जवळपास कधीच पूर्ण येत नाही, म्हणून तिथे नाक-डोळे स्पष्ट दिसले तर त्याला वजन द्या. प्रत्येक ताऱ्याची टोकं आणि मधून निघणाऱ्या धारा तपासा. दहा आणि वीस रापेनवर लिबर्टासच्या मुकुटपट्टीवरची अक्षरं वाचा; ती पुरती उमटली आहेत का हे एका नजरेत कळतं.

एक काळजी. उंच जागा बोथट असण्याची कारणं दोन: ठसा कमी भरला, किंवा नाणं नंतर झिजलं. झिजेत त्या जागेचा रंग आणि झळाळी आजूबाजूपेक्षा वेगळी, करडी दिसते. ठसा कमी भरला असेल तर झळाळी त्या जागेवरूनही अखंड जाते.

आता कड, म्हणजे नाण्याच्या तोंडाभोवतीचा उंच कंगोरा. खास पाडलेल्या नाण्यात तो रुंद, सपाट आणि सगळीकडे एकसारखा असतो आणि बाहेरच्या काठाला काटकोनात मिळतो. बोटाला तो कोपरा जाणवतो. चलनी नाण्यात तोच कोपरा गोलसर असतो. कधी कडेच्या टोकाला धातूचा तारेसारखा बारीक पापुद्रा उभा दिसतो; ठोक्याचा जोर एवढा असतो की धातू डाय आणि कॉलर (ठोक्याच्या वेळी चकतीला वेढणारं कडं) यांच्या फटीत घुसतो. बरेच विक्रेते असा पापुद्रा दाखवून 'हे बघा, स्पेसिमेन' म्हणतात. चलनी यंत्राचा दाब जास्त लागला की तो साध्या नाण्यावरही येतो, म्हणून मी त्याला किरकोळ पुरावाच मानतो. एकोणिसाव्या शतकातल्या नाण्यांवर कडेलगत मण्यांची किंवा दातांची रांग असते. तिथे प्रत्येक दात सुटा आहे का, हे पापुद्र्यापेक्षा बरंच काही सांगून जातं.

पायरी ६: काठ

नाणं उभं धरून पाहा. अर्धा, एक आणि दोन फ्रँकचा काठ दातेरी असतो. खास ठशात प्रत्येक दात वरपासून खालपर्यंत पूर्ण भरलेला असतो. मेंढपाळाच्या पाच फ्रँकच्या काठावर 'डोमिनुस प्रोविडेबिट', म्हणजे 'देव पुरवील', ही लॅटिन अक्षरं आणि तारे आहेत. १९८५ ते १९९३ च्या नाण्यांवर ही अक्षरं खोल कोरलेली आहेत, एरवी उंच. उंच अक्षरांसाठी कॉलर तुकड्यांची असावी लागते, नाहीतर नाणं बाहेरच निघणार नाही. त्या जोडांच्या बारीक उभ्या रेषा काठावर दिसल्या तर घाबरू नका, तो दोष नव्हे. अक्षरांचे कोपरे मात्र बघा. स्लॅबमधल्या, म्हणजे ग्रेडिंग संस्थेने प्लास्टिकच्या डबीत बंद केलेल्या, नाण्याचा काठ झाकलेला असतो, म्हणून नाणं स्लॅबमध्ये नसेल तर काठाचा फोटो जरूर मागून घ्या.

पायरी ७: पिशवीच्या खुणा

चलनी नाणी एकमेकांवर आपटतात, त्यामुळे त्यांच्यावर छोटे खड्डे आणि खरचटे असतात. खास नाण्यावर ते जवळपास नसतात. पण नाणं नंतर कुणाच्या हातातून पडलेलं असू शकतं, आणि चलनी नाणंही सुदैवाने स्वच्छ राहू शकतं. खुणांवरून प्रत ठरवा, प्रकार ठरवू नका.

पायरी ८: लेबल आणि वर्णन वाचा

स्विस लिलावांची वर्णनं जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असतात. 'पोलियर्टे प्लाटे' किंवा नुसतं 'पीपी' म्हणजे प्रूफ. फ्रेंचमध्ये त्यालाच 'फ्लां ब्रुनी' म्हणतात. 'श्टेम्पलग्लान्त्स' आणि 'एफडीसी' ही जपणुकीची शिखरं आहेत, पाडण्याचा प्रकार नव्हे. खरी पंचाईत 'एर्स्टअपश्लाग' या शब्दाची, म्हणजे नव्या डायमधून निघालेल्या पहिल्या नाण्यांपैकी एक. चांगला लिलावदार तो विचारपूर्वक वापरतो, पण शब्द वापरला म्हणून नाणं खास पाडलेलं ठरत नाही. नव्या डायमधून चलनी नाणंही निघतंच, आणि तेही सुंदरच असतं.

अमेरिकन ग्रेडिंग संस्था, पीसीजीएस आणि एनजीसी, चलनी नाण्याला 'एमएस', स्पेसिमेनला 'एसपी' आणि प्रूफला अनुक्रमे 'पीआर' आणि 'पीएफ' लिहितात. पुढचा आकडा ७० पैकी. आरशी चमकेच्या चलनी नाण्याला 'पीएल' जोडलं जातं, आणि 'एमएस ६६ पीएल' व 'एसपी ६६' यांच्यातला फरक हाच आपल्या लेखाचा विषय. लेबल हे तज्ज्ञांचं मत आहे आणि नवख्याने त्याला मान द्यावा. तरीही लेबल झाकून नाणं स्वतः बघा, आपला अंदाज लिहून ठेवा आणि मग लेबलशी ताडून पाहा. दोन्हींत फरक आला तर कारण शोधा. यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशातून मिळतं.

कागदी नोटांच्या जगातून आलेल्यांसाठी एक सूचना: नोटेवर 'स्पेसिमेन' हा शब्द छापलेला असतो, तसा नाण्यावर शोधत बसू नका. आणि 'प्रोबे' किंवा 'एसै' म्हणजे नव्या रचनेची चाचणी, तो वेगळाच विषय.

१९७४ नंतरची नाणी

इथे काम सोपं आहे. १९७४ पासून बर्नच्या टाकसाळीने, जी आता स्विसमिंट नावाने ओळखली जाते, चलनी नाण्यांचे प्रूफ संच काढायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी अवघे २,४००, पुढल्या वर्षी १०,०००. या नाण्यांत फील्ड आरशासारखं आणि चित्र दुधाळ मॅट असतं. एकदा पाहिलं की चुकत नाही. त्याच टाकसाळीचे न वापरलेल्या नाण्यांचे वार्षिक संचही असतात. त्यातलं नाणं स्वच्छ आणि झळाळतं असलं, मोहोरबंद वेष्टनात असलं, तरी ते श्टेम्पलग्लान्त्स आहे, स्पेसिमेन नव्हे. संच फोडून सुटं नाणं मोठ्या नावाने विकायला ठेवलेलं दिसलं तर पुढे जा.

फ्रेनेलीबद्दल थोडं

आपल्याकडे सर्वांत जास्त लोकांना ठाऊक असलेलं स्विस नाणं म्हणजे सोन्याचं वीस फ्रँक, फ्रित्स लांड्री यांनी घडवलेली फ्रेनेली: ६.४५ ग्रॅम, ९०० कस, काठावर बावीस तारे. १८९७ ते १९४९ या काळात ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली. एकट्या १९४९ सालची एक कोटी. बँकांच्या तिजोऱ्यांत ती कागदी गुंडाळ्यांत आणि पिशव्यांत पडून राहिली, त्यामुळे चांगल्या स्थितीतली नाणी आजही सहज मिळतात. १९३५ सालच्या नाण्यावर 'एल' आणि 'बी' अशी अक्षरं आहेत. ती प्रत्यक्षात १९४५ ते १९४७ दरम्यान पाडलेली. यांतलं काहीही 'खास ठसा' म्हणून समोर आलं तर फार कठोर व्हा. फ्रेनेलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: दागिन्यातून काढलेलं नाणं सोनाराकडे चकचकीत करून घेतलेलं असू शकतं. त्याची चमक सगळीकडे सारखी, तेलकट असते. अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि काठावर बारा वाजताच्या जागी दागिन्याचा जोड काढल्याची खूण सापडते.

पायरी ९: निर्णय

झळाळी, उंच रेषा, ठसा, कड. या चारही गोष्टी दोन्ही बाजूंना एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर स्पेसिमेन मानायला हरकत नाही. तीन जुळतात आणि चौथी विरोधात आहे, असं झालं तर माझा नियम सरळ आहे: नाणं उत्तम चलनी म्हणून धरायचं आणि तेवढीच किंमत द्यायची. आवडलं तर नक्की घ्या. नव्या डायमधलं चलनी नाणं हा संग्रहातला मानाचा तुकडा असतो.

दुरून विकत घेताना फोटोवर भागत नाही. विक्रेत्याकडे एका दिव्याखाली सावकाश फिरवलेल्या नाण्याचा व्हिडिओ, काठाचा फोटो आणि कडेचा जवळून काढलेला फोटो मागा. स्पेसिमेन कशावरून म्हणता, असं स्पष्ट विचारा. 'खूप चमकतं' हे उत्तर आलं तर किंमत चलनी नाण्याचीच लावा. 'अमुक लिलावात अमुक वर्णनाने विकलं गेलं होतं' असं आलं तर त्या लिलावातला फोटो काढून दोन्ही नाण्यांवरचे डाग-ओरखडे जुळतात का ते स्वतः बघा. जुन्या, नावाजलेल्या संग्रहातून आलेली साखळी कागदोपत्री दिसली तर तिला मोल आहे.

नाणं घरी आल्यावर ते पुसू नका, चांदी उजळवायच्या द्रावणात तर मुळीच बुडवू नका. जुनी कांती गेली की आरशी फील्डची खोली बदलते आणि पुढच्या माणसाला ते घासलेलं वाटतं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटातून काढून पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा घट्ट बसणाऱ्या कॅप्सूलमध्ये ठेवा. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि तिचा रंग बदलला की ती बदला.